रसाचा जमाखर्च

आगीचा स्पर्श न होता सिद्ध होणारी पक्वान्ने आपल्याला अपरिचित नाहीत. चक्क्यात साखर मिसळून तो घोटताना शेगडी पेटवावी लागत नाही आणि शिकरणीसाठी तर पातेलेही तापवावे लागत नाही. तरीही चक्क्याच्या मागे कधीतरी तापवलेले दूध असतेच. इटलीतील ज्या थरांच्या मिष्टान्नाविषयी या प्रकरणात लिहावयाचे आहे, त्याचीही गोष्ट अशीच आहे: त्यातील अग्निकार्य टळलेले नसते, तर ते आपल्या स्वयंपाकघरात पोहोचण्यापूर्वीच उरकलेले असते. बिस्किट कुठल्याशा भट्टीत भाजून कोरडे ठणठणीत झालेले असते, आणि मास्कार्पोने नावाचे मऊ, दाट चीज दूधशाळेत साय तापवून साकळविलेले असते. गृहिणीच्या हाती उरतात ती तीनच कामे, भिजविणे, रचणे आणि वाट पाहणे. आणि ही तिन्ही कामे मुळाशी जाऊन पाहिल्यास एकाच पदार्थाची व्यवस्था लावण्याची आहेत. तो पदार्थ म्हणजे पाणी.

चमच्यानेच खाता येतात, हातात धरून नव्हे, म्हणून इटालियन लोक या जातीच्या पदार्थांना ‘चमच्याची मिष्टान्ने’ म्हणतात. त्यांत सर्वांत कीर्तिमान ठरले ते तिरामिसू, आणि फळांचे जे थर आपण रचणार आहोत त्यांचे कुळही तेच. नावाचा अर्थ ‘मला वर उचल’, म्हणजे गळून गेलेल्या जिवाला उभारी दे, असा आहे. व्हेनेतो प्रांतातील त्रेविझो या गावी ‘ले बेक्केरिये’ नावाचे भोजनगृह आदो कांपेओल आणि त्यांची पत्नी आल्बा चालवीत असत. तेथे रोबेर्तो लिंग्वानोत्तो या पाककर्म्याच्या साहाय्याने हा पदार्थ आकारास आला आणि १९७२ साली भोजनगृहाच्या पदार्थपत्रिकेवर चढला, ही त्या गावची कैफियत. त्या प्रदेशात अंड्याचा बलक साखरेबरोबर फेसून दुबळ्या माणसांना, वाढत्या मुलांना आणि बाळंतिणींना देण्याची जुनी वहिवाट आहे, आणि आल्बाबाईंना त्यांच्या बाळंतपणात सासूने असाच फेसलेला बलक कॉफी घालून दिला, त्यातूनच पुढची कल्पना सुचली, असे सांगतात. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू ज्या घरांत बाळंतिणीच्या उशाशी ठेवले जातात, त्या घरांतील वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

शेजारच्या फ्रिउली प्रांताला मात्र हा दावा मान्य नाही. तेथील तोल्मेझ्झो गावच्या ‘आल्बेर्गो रोमा’ या उपाहारगृहात नोर्मा पिएल्ली या बाई १९५० च्या दशकातच हा पदार्थ करीत होत्या, असे फ्रिउलीकरांचे म्हणणे, आणि इटलीच्या कृषिमंत्रालयाने २०१७ साली पारंपरिक पदार्थांच्या अधिकृत यादीत तिरामिसूची नोंद फ्रिउलीच्या नावावर केली तेव्हा व्हेनेतोच्या प्रांतप्रमुखांनी त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली. त्यापूर्वी, २०१० साली, त्रेविझोकरांनी आपली कृती इटालियन पाकशास्त्र अकादमीच्या विद्यमाने रीतसर दस्तऐवज करून नोंदवून ठेवली होती. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु तो दस्तऐवज मला मोलाचा वाटतो, कारण त्यात काय नाही हे पाहिले म्हणजे पदार्थाचा सांगाडा स्पष्ट होतो. बलक, साखर, मास्कार्पोने, सावोयार्दी बिस्किटे, कडक कॉफी आणि वर भुरभुरविलेला कोको. मद्य नाही, अंड्याचा पांढरा भाग नाही, आणि फळ तर नाहीच.

तेव्हा फळ घालणे हा अपभ्रंश म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. कोरडे, रस शोषणारे बिस्किट, स्निग्ध साय आणि त्या दोहोंना सांधणारा पातळ रस, हे या पदार्थाचे तीन स्तंभ आहेत, आणि ते उभे आहेत तोवर घर तेच आहे. कॉफीच्या ठिकाणी फळाचा रस आला म्हणजे दोन गोष्टी बदलतात. पहिली अशी की कॉफीचा कडवटपणा, जो सायीच्या मेदाला आवर घालीत होता, तो नाहीसा होतो, आणि त्याची जागा आंबटपणाने घेतली पाहिजे. म्हणून फळ कितीही पिकलेले असो, लिंबाचा रस पिळावाच लागतो. दुसरी गोष्ट अधिक गहन आहे. कॉफी आपण मोजून घालतो आणि ती जितकी घालावी तितकीच राहते. फळ मात्र आपल्या पोटात स्वतःचे पाणी घेऊन येते, आणि ते केव्हा, किती आणि कोणीकडे सोडील हे आपण आधी ठरविले नाही, तर ते त्याचे तेच ठरविते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा काचेच्या खोल भांड्यात कॉफीत भिजविलेली बिस्किटे, त्यावर सायीचा थर, त्यावर धुऊन चिरलेल्या स्ट्रॉबेरी, पुन्हा साय, अशी रचना मोठ्या हौसेने मांडून भांडे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी झाकण काढले तेव्हा वरचा थर खचला होता, स्ट्रॉबेरीभोवतीची साय गुलाबी, सैल आणि दाणेदार झाली होती, आणि काचेच्या तळाशी बोटभर तांबडे-तपकिरी पाणी साचले होते, ज्यात खालची बिस्किटे अक्षरशः विरघळून गेली होती. पाहुणे दुपारी यावयाचे होते. त्यांना दुसरे काहीतरी दिले. आणि ते भांडे उन्हाकडे धरून पाहताना ध्यानात आले की सायीतील साखरेनेच रात्रभर फळातील पाणी बाहेर ओढून काढले होते.

स्ट्रॉबेरीच्या बाबतीत असे का व्हावे हे समजण्यासाठी या फळाची थोडी वंशावळ पाहणे इष्ट आहे. रोमजवळच्या नेमी गावात, एका तळ्याच्या काठी, रानस्ट्रॉबेरी पिकतात आणि दरवर्षी जून महिन्यात तेथे त्यांचा उत्सव भरतो. ही रानची फळे करंगळीच्या टोकाएवढी, सुगंधाने ओतप्रोत आणि आत गर थोडा अशी असतात. बाजारात आपल्याला मिळते ती टपोरी स्ट्रॉबेरी मात्र जन्माने युरोपची असली तरी तिचे दोन्ही पूर्वज अमेरिकेतून आलेले आहेत. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याला चिलीच्या किनाऱ्यावरील किल्ल्यांची पाहणी करण्यास पाठविले होते. १७१४ साली परत येताना त्याने तेथील मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची काही रोपे जहाजावर आणली, आणि त्याचे आडनावच फ्रेंच भाषेतील स्ट्रॉबेरीच्या नावापासून आले असे सांगतात; इतका चोख योगायोग इतिहासात सहसा जुळत नाही. ती रोपे केवळ मादी निघाल्यामुळे त्यांना फळ धरेना. ब्रिटनी प्रांतातील बागांमध्ये उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या स्ट्रॉबेरीजवळ ती लावली गेली तेव्हा कोठे परागण होऊन नवी संकरित जात निपजली, आणि हा संकर आहे हे द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ साली मांडले. महाबळेश्वर आणि पाचगणीच्या पठारावर पिकणारी, भौगोलिक मानांकन मिळालेली स्ट्रॉबेरी ही त्याच संकराची वंशज आहे.

आता ज्याला आपण फळ समजून खातो, तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फुलाचा फुगलेला देठच होय. खरी फळे म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर टोचून बसविल्यासारखे दिसणारे बारीक दाणे. या गराला आंब्याप्रमाणे जाड साल नाही, द्राक्षाप्रमाणे घट्ट कातडी नाही. आणि शंभर भागांतील सुमारे नव्वद भाग पाणीच आहे. म्हणून स्ट्रॉबेरी देठासकट धुवावी, फडक्यावर पसरून पुरती कोरडी करावी, आणि मगच देठ काढून चिरावी. आधी चिरून मग धुतली तर ती उघड्या जखमेतून आणखी पाणी पिते. आणि याच कारणास्तव गोठवलेली स्ट्रॉबेरी थरात वापरू नये, कारण बर्फाच्या कणांनी तिच्या पेशींच्या भिंती फोडलेल्या असतात आणि ती वितळताच सारा रस सोडून देते. भिजविण्याच्या रसासाठी मात्र तिचा उपयोग खुशाल करावा.

उपाय या निदानातूनच निघाला. साखर फळातून पाणी ओढणार हे निश्चित असेल, तर ते तिने भांड्यात रात्री ओढण्याऐवजी आपल्या देखत, वाडग्यात, आधीच ओढावे. आणि निघालेला रस फेकून न देता बिस्किटांना पाजावा. म्हणजे फळाचे देणे फळाकडूनच आगाऊ वसूल होऊन बिस्किटाच्या खाती जमा होते, आणि सायीला कोणाचेही कर्ज फेडावे लागत नाही. आठ माणसांसाठी ६०० ग्रॅम स्ट्रॉबेरी घेतली तर त्यांतील ४०० ग्रॅम जाड चकत्या करून त्यांवर ५० ग्रॅम साखर आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घालावा आणि पाऊण तास ठेवावे. पहिल्या पाच मिनिटांत साखर ओली होते, मग चकत्यांच्या कडा चमकू लागतात, आणि पाऊण तासाने वाडग्याच्या तळाशी माणकाच्या रंगाचा पाक साचलेला दिसतो, ज्याच्या एका थेंबालाही आगीची ऊब लागलेली नसते. तो गाळून घ्यावा. उरलेल्या २०० ग्रॅम स्ट्रॉबेरी कुस्करून, गाळणीतून दाबून, त्यांचा रस त्यात मिसळावा. माझ्या घरी यातून सुमारे अडीचशे मिलिलिटर रस मिळतो, आणि चोवीस बिस्किटांना तेवढा पुरेसा होतो. चाळणीवर निथळत ठेवलेल्या चकत्या थरासाठी राखून ठेवाव्यात.

बिस्किटाविषयी येथे दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे त्याच्या ऐवजी चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटे घालण्याचा प्रघात पडला आहे आणि त्याने पदार्थाचा घात होतो. सावोयार्दी हे नाव सावोय घराण्यावरून पडले, ज्याचे वंशज पुढे १८६१ पासून १९४६ पर्यंत इटलीचे राजे होते. फ्रान्सच्या राजाच्या स्वागतासाठी त्या घराण्याच्या पाकशाळेत ही बिस्किटे प्रथम झाली, अशी परंपरागत कथा आहे. अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर घट्ट फेसून, त्यात बलक आणि थोडे पीठ हलक्या हाताने मिसळून ती भाजतात, आणि त्यांत तूप किंवा लोणी मुळीच नसते. हा वरून घातलेला मेद नसल्यामुळेच ती पाणी पितात. आणि आतून फेसाच्या असंख्य बारीक कोठड्या असल्यामुळे, पाणी पिऊनही त्यांचा आकार मोडत नाही. ग्लुकोजच्या बिस्किटात मेद असतो, म्हणून ते पाण्याला आधी अडविते आणि मग एकदम शरण जाऊन गाळ होते.

बिस्किट भिजविण्याची क्रिया क्षणाची आहे, पण सगळे यश तिच्यावर अवलंबून आहे. रस पसरट ताटलीत, अर्धे बोट खोल, ओतावा. बिस्किट चिमटीत आडवे धरून एका अंगाने टेकवावे, ‘एक’ म्हणेपर्यंत ठेवावे, पालथे करून पुन्हा ‘एक’ म्हणावे, आणि उचलावे. योग्य भिजलेले बिस्किट बोटांना जड लागते, बाहेरून गुलाबी आणि ओले दिसते, पण मधोमध दाबले तर आत एक कोरडी, कडक रेघ जाणवते. ती रेघ राहिलीच पाहिजे. रात्रभरात बाहेरचा ओलावा आपोआप तिच्याकडे सरकतो आणि वरून झिरपणारा फळाचा उरलासुरला रसही तीच शोषून घेते. ती कोरडी रेघ म्हणजे या व्यवहारातील शिल्लक होय, आणि हात सैल सोडून ती आधीच खर्च करून टाकली, तर पुढे आलेल्या ओलाव्याला ठावच उरत नाही.

मास्कार्पोने ही लोंबार्दी प्रांतातील लोदी आणि आब्बियातेग्रास्सो या भागांची देणगी. दुधावरची साय ८५ ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तिच्यात सायट्रिक अथवा टार्टरिक आम्ल घालतात, आणि ती साकळली की फडक्यात निथळत ठेवतात. आपला चक्का आणि हे मास्कार्पोने फडक्यात टांगलेले पाहिले तर सख्खी भावंडे वाटावीत. पण चक्क्यात आम्ल निर्माण करण्याचे काम विरजणातील जंतू रात्रभर, थंडपणे करतात, तर मास्कार्पोनेत उष्णता आणि आम्ल मिळून ते काही मिनिटांत उरकतात, आणि त्या उष्णतेने निवळीबरोबर एरवी वाहून जाणारी प्रथिनेही जाळ्यात अडकतात, म्हणून त्याचा पोत इतका रेशमी असतो. ज्यांना विकतचे परवडत नाही त्यांनी अर्धा लिटर जाड क्रीम मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत न्यावे, एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून काही मिनिटे ढवळीत राहावे, चमच्याच्या पाठीवर लेप चढू लागला की उतरवून निववावे, आणि मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये निथळू द्यावे. चक्का त्याच्या जागी घालता येतो काय, असे मला अनेकदा विचारतात. घालता येतो, आणि लागतोही चांगला. पण चक्का आंबट असतो, त्यात मेद कमी आणि पाणी अधिक, म्हणून तो फळाजवळ लवकर सुटतो. त्यापेक्षा त्याचे आम्रखंडच करावे, तेथे तो राजा आहे.

सायीच्या थरासाठी ४ बलक आणि १०० ग्रॅम साखर घेऊन, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगे धरून, ती फेसावीत. त्रेविझोचा जुना रिवाज कच्च्या बलकाचा आहे. परंतु आपल्याकडची उष्णता आणि अंड्यांचा प्रवास लक्षात घेता मी बलक ७५ अंशांपर्यंत नेल्याशिवाय वापरीत नाही; एवढ्यापुरती शेगडी पेटवावी लागते. साखरेमुळे बलक साकळण्याचे तापमान वर सरकते, त्यामुळे सतत फेसत राहिल्यास त्याची भुर्जी होत नाही, तो फिकट पिवळा आणि तिप्पट होतो. तो पूर्ण निवल्यावरच मास्कार्पोनेत मिसळावा. आणि मिसळतानाही फार घुसळू नये. थंड सायीतील मेदाचे कण एकमेकांपासून दूर आहेत तोवरच थर गुळगुळीत राहतो, आणि ते एकत्र आले की लोणी निघू लागते. ताकाच्या डेऱ्यावर रवी फिरविलेल्या हाताला हा क्षण ओळखता येतो: आवाज बदलतो, आणि रवी जड होते. त्याच्या आधीच थांबावे. मे महिन्यात तर भांडे आणि मास्कार्पोने दोन्ही फ्रीजमधून काढल्याबरोबर काम उरकावे.

रचनेत मी इटालियन घरांतील नेहमीच्या क्रमापासून एका ठिकाणी जाणूनबुजून वेगळा मार्ग धरतो. अनेक जण बिस्किटांवर आधी साय पसरतात आणि फळ तिच्यावर मांडतात. मी निथळलेल्या चकत्या थेट बिस्किटांवर ठेवतो आणि साय त्यांच्यावर पसरतो, कारण फळाने आणखी थोडे पाणी सोडलेच तर ते खाली, शोषून घेणाऱ्या बिस्किटात जावे, वरच्या सायीत नव्हे. बारा बिस्किटे, चकत्या, अर्धी साय. पुन्हा बारा बिस्किटे, चकत्या, उरलेली साय. सगळ्यांत वर फळ मांडण्याचा मोह होतो, पण ते काम वाढण्याच्या वेळेपर्यंत राखून ठेवावे.

इतर फळांची हकीकत थोडक्यात. पीचला हीच रीत लागू पडते, आणि पिएमोन्तेमध्ये पीचचे आमारेत्ती नावाच्या कडवट बदामी बिस्किटांशी जुने सख्य आहे, ते येथेही उपयोगी पडते. हापूसचा रस इतका दाट असतो की त्याला पाव भाग पाणी आणि लिंबू घालून सैल केल्याशिवाय बिस्किट तो पीत नाही. न शिजविलेले किवी आणि अननस मात्र या घरात येऊ देऊ नयेत. दोहोंतही दुधाच्या प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे असतात, आणि रात्रभरात साय पातळ होऊन तिला स्पष्ट कडवटपणा येतो. किवीच्या उत्पादनात इटली जगातील आघाडीच्या देशांपैकी आहे, आणि तरीही जाणती इटालियन गृहिणी ते फळ या थरांत घालीत नाही. अननस घालावयाचाच असेल तर तो साखरेत शिजवून घ्यावा. उष्णतेने विकर मरते.

मग झाकण लावून, ४ अंशांच्या आसपास, किमान सहा तास आणि शक्य तर रात्रभर भांडे हलवू नये. या अवधीत बिस्किटातील कोरडी रेघ नाहीशी होते आणि सायीतील मेद घट्ट होतो. जिलेटिनचा कणही न घालता थर उभा राहतो तो या दोहोंच्या बळावर. दोन दिवसांत संपवावे, त्यापुढे स्ट्रॉबेरीचा रंग मलूल पडतो.

मागच्या पौषात, महाबळेश्वरची फळे बाजारात स्वस्त झाली तेव्हा, तेच काचेचे भांडे पुन्हा काढले. सकाळी ते खिडकीशी नेऊन धरले: खालून गुलाबी, मग तांबडी रेघ, मग पांढरी, आणि पुन्हा तोच क्रम, कडा सरळ. चमचा घातला तेव्हा तो प्रत्येक थराशी क्षणभर थांबत खाली गेला, आणि पहिला वाटा उचलल्यावर उघड्या पडलेल्या काचेवर रसाचा एकही थेंब नव्हता.